कूलरच्या पलीकडचं नेटवर्क

आमच्या मागच्या खोलीत वायफाय हिवाळ्यात बरं चालायचं आणि उन्हाळ्यात जवळजवळ बंद पडायचं. हे माझ्या लक्षात यायलाच दोन उन्हाळे गेले. तोवर मी कंपनीला फोन करून भांडत होतो.

अकोल्यातल्या आमच्या घराला एकामागे एक तीन खोल्या. भिंती दगडी, हातभर जाड. राउटर पुढच्या खोलीत आणि तिथेच बाबांचं हार गुंफण्याचं काम. शेतीवर भागेना म्हणून ते भातकुलीकडून इकडे आले आणि फुलं विकू लागले. त्या हारांवर मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो. आता धाकट्या बहिणीची पाळी होती. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी तिची मुलाखत शनिवारी दुपारी दोन वाजता, व्हिडिओवर होती. पुढच्या खोलीत लग्नसराईची गिऱ्हाइकं, मधल्या खोलीत ऊन लागून आजारी पडलेली आई. उरली मागची खोली. तिथे मोबाइललाही रेंज नाही आणि वायफायवर चित्र गोठायचं.

"दादा, मी नमस्कार म्हणीन अन् मुलाखत घेणाऱ्याईचं तोंड उघडंच राहीन," बहीण म्हणाली. हसत म्हणाली, पण दोन दिवस नीट जेवली नव्हती.

माझ्याकडे एक जुना राउटर होता. अमरावतीला राजापेठेत आम्ही चौघं एका खोलीत राहायचो, तेव्हा वर्गणी काढून घेतलेला. खोली सोडताना मित्रांनी तो मलाच दिला होता. बुधवारी तो काढला, पहिल्याचं नेटवर्क पकडून पुढे पसरवेल असा लावला आणि मागच्या खोलीत ठेवला. मोबाइलवर सगळ्या रेघा भरल्या. चित्र मात्र तसंच गोठलेलं. रेघा दिसत होत्या त्या मोबाइल आणि दुसऱ्या राउटरमधल्या. त्या राउटरपर्यंतच काही पोचत नव्हतं, तर तो पुढे काय देणार?

गुरुवारी शेजारचे चाचा कूलरच्या गवताच्या ताट्या बदलायला आले. त्यांचा जन्म कूलर बनवण्यात गेला. आमचा लोखंडी कूलर पुढच्या आणि मधल्या खोलीच्या दारात, दार अडवून उभा असतो. चाचांनी तो ओढून अंगणात नेला आणि मागून बहीण ओरडली, "दादा, चालून राहिलं!"

मी चाचांना तो परत दारात ठेवायला लावला. बंद. पुन्हा काढला. चालू.

"बेटा, एक बार बोल दे, रखना है के निकालना है?"

पण आता त्यांनाही चटक लागली होती. कूलर परत दारात ठेवून मोटर चालू-बंद करून पाहिली, फरक नाही. टाकीतलं पाणी काढलं, नेटवर्कमध्ये थोडा जीव आला. चाचांनी पत्र्यावर टिचकी मारली. "टिन का डब्बा, उपर से पानी. इसमें से मेरी आवाज नहीं जाती, तेरा नेटवर्क क्या जाएगा?"

म्हणजे दगडी भिंतींच्या घरात नेटवर्क त्या दारातून येत होतं आणि दर उन्हाळ्यात आम्हीच ते दार बंद करत होतो.

"मंग काढून ठेवा ना कूलर," आई पडल्या पडल्या म्हणाली.

"तू चूप बस," बाबा म्हणाले. "अन् कूलर निघाला तर मी मुलाखत देत नाही," बहीण म्हणाली.

शुक्रवारी मी लांब केबल आणली. पहिल्या राउटरपासून दाराच्या वरच्या झरोक्यातून दुसऱ्यापर्यंत तार नेली. दुसऱ्याची सेटिंग बदलली: आता हवेतून काही पकडायचं नाही, तारेतून येईल ते फक्त पसरवायचं. बाबांनी हाराच्या दोऱ्यानं ती तार झरोक्याच्या गजांना बांधली. "हे गाठ गाडीवरच्या हाराची हाय," ते म्हणाले, "वरात संपली तरी सुटत नाही."

शनिवारी मी आईजवळ बसलो होतो. मागून बहिणीचा आवाज येत होता, अडखळत, मग सरळ. दहाएक मिनिटं झाली आणि कूलर थांबला. लाइट गेली! म्हणजे दोन्ही राउटर गेले. मी धडपडत उठलो, तर आईचा हात बटणावर.

"काहून बंद केला?"

"आवाज किती करून राहिला! ते म्हणतीन, पोरगी गिरणीत बसली काय."

मी बटणाकडे हात नेला, तिनं चापट मारली. शेवटी टॉवेल ओला करून तिच्या कपाळावर ठेवला आणि राउटरच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन वारा घालत बसलो. मागचा आवाज कुठे तुटत नव्हता.

प्रवेश मिळाल्याचं पुढे जूनमध्ये कळलं. त्या दुपारी मात्र बहीण बाहेर आली, तिनं आधी कूलर सुरू केला आणि मग म्हणाली, "दादा, एकदाही अटकलं नाही. फक्त मधीच घर इतकं शांत झालं, का मले वाटलं नेटच गेलं."