अंगठ्याच्या वरचा मजकूर

माझ्या डाव्या अंगठ्याला शाई लावली ती वकिलाच्या चेंबरमध्ये, भर दुपारी, सात पुरुषांदेखत. मला सही येते. मराठीत, इंग्रजीत आणि उर्दूतही. मराठी टायपिंगचं आणि इंग्रजी टायपिंगचं, दोन्ही सरकारी प्रमाणपत्रं माझ्याकडे आहेत. हे त्या सातही जणांना माहीत होतं. म्हणूनच त्यांना हसू आलं.

मी फक्त विचारलं होतं, “भाऊसाहेब, हे कागद कोरे असतानाच अंगठे घेतले का?”

भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातल्या सहकारी सूतगिरणीचे अध्यक्ष. ते खुर्चीतून उठले. वकिलाच्या टेबलावरचं शाईचं पॅड उघडलं. माझं मनगट धरलं.

“लय शिकली तू. एकदा अंगठा लावून पाह्य, कसं वाटते ते.”

अंगठा पॅडवर दाबला. मग एका रद्दी कागदावर दाबला. कोणीतरी मागून म्हणालं, “आता आली लायनीत.” वकील म्हणाला, “तुमच्यात तं बाया घराबाहेर निघत नाही. तुले आमी इथं बसू देतो, ते काय कमी हाये?”

भाऊसाहेबांनी माझा हात सोडला आणि स्वतःची बोटं रुमालाला पुसली.

“तुहं काम बोटायचं हाये पोरी, डोक्याचं नाही. चाल, टाइप कर.”

मी टाइप केलं. अकरा कागद होते, अकराही केले. हे आधीच सांगून ठेवते. पुढे वाचताना कोणी मला शूर समजू नये.

मी पिंजाऱ्याची मुलगी. अब्बा गाद्या भरायचे, आणि धामणगाव रेल्वेकडच्या बाजूला आमच्या गावी तीन एकर काळ्या जमिनीत कापूसही लावायचे. मला त्यांनी अकोल्याला मामूंकडे ठेवून टायपिंग शिकवलं. लग्न झालं, मोडलं. मग अमरावतीत कचेरीच्या आवारात, टिनाच्या शेडखाली मी मशीन मांडलं. त्याला वीस वर्षं झाली. त्या सुमारास कॉम्प्युटर आले होते, पण स्टँप पेपर अजून मशीनवरच चढत होते.

शेडखाली आम्ही नऊ टायपिस्ट. वकील माझ्याकडे का यायचे, ते सांगते. मला अंगठ्याच्या वर मजकूर बसवता यायचा.

कोऱ्या कागदाच्या तळाशी अंगठे आधीच उमटलेले असतात. मजकूर वरून सुरू करायचा आणि अंगठ्याच्या बोटभर वर संपवायचा. जागा उरली तर कागद संशयाचा दिसतो. मजकूर अंगठ्याला भिडला तर ओढूनताणून बसवलेला दिसतो. म्हणून आधी खर्डा वाचायचा, ओळी धरायच्या, समास ठरवायचा, दोन ओळींमधलं अंतर ठरवायचं. शेवटची ओळ अशी पडली पाहिजे की माणसाने सगळं ऐकून, समजून, शांतपणे खाली अंगठा ठेवला असं वाटावं. बाकीच्या आठांना हे जमत नव्हतं. मला त्याचा अभिमान होता. अंगठे कोणाचे, कशासाठी घेतले, हे मी कधी विचारलं नाही. न विचारणं हाही माझ्या कामाचा भाग आहे, असंच मी धरून चालले होते.

माझ्या अंगठ्याला शाई लागली, त्याच वर्षी टेंडाई माझ्याकडे आली. झिम्बाब्वेची. माझ्याच वयाची बाई, विद्यापीठात प्रबंध लिहीत होती. तिच्या देशात लोकांना राजकारणात कसं कसं फसवलं गेलं, हा तिचा विषय. गाइडला दाखवायचा पहिला खर्डा ती माझ्याकडून टाइप करून घ्यायची. शेडखालचे लोक तिच्याकडे टक लावून बघायचे. ती उलट त्यांच्याकडे बघायची. ते मान खाली घालायचे.

तिसऱ्या प्रकरणात एक राजा होता. गोरे त्याच्याकडे कागद घेऊन आले. तोंडी सांगितलं, दहाच माणसं येतील, जमिनीत खणतील, तुमचा कायदा पाळतील. कागदावर लिहिलं होतं की राज्यातल्या सगळ्या खनिजांवर पूर्ण हक्क त्यांचा. राजाने निशाणी केली. कळल्यावर त्याने कागद नाकारला, आपली माणसं थेट इंग्लंडच्या राणीकडे पाठवली. उपयोग झाला नाही. कागदामागून फौजा आल्या.

मी टाइप करता करता म्हटलं, “तुमचा राजा बावळटच होता.”

टेंडाई मोडकं हिंदी बोलायची, पण थेट बोलायची. “राजा बावळट नहीं था, दीदी. उसने पूछा था, कागज में क्या लिखा है. बतानेवाला मिशन का पादरी था. बरसों से उधर रहता था, उनकी बोली बोलता था. सब लोग उस पर भरोसा करते थे. जो लिखा था, वो उसने नहीं बताया.”

शेवटची प्रकरणं मला जास्त झोंबली. स्वातंत्र्य आलं. ज्यांनी जमिनीसाठी बंदुका उचलल्या, त्यांच्यातले मोठे झालेले लोक खुर्चीवर बसले. चांगली शेतं त्यांच्याच माणसांच्या नावावर गेली. लोकांनी विचारलं की उत्तर तयार असायचं: गोऱ्यांमुळे अडलं. वीस वर्षं तेच उत्तर.

मला भाऊसाहेबांची भाषणं आठवत होती. मी कॉलेजात असताना ते आमच्या गावी यायचे. “इंग्रजायनं आपला कापूस जहाजात भरून नेला आन आपल्यालेच कापड इकलं. आता आपला कापूस, आपलं सूत.” गावाने टाळ्या वाजवल्या. गिरणीसाठी जमीन गावानेच दिली. आमच्या तीन एकरांतला एक त्यात गेला. शब्द तोंडी होता: गिरणी चालली तर घरटी एकाला काम, बंद पडली तर जमीन परत. गिरणी पाच वर्षं चालली आणि बंद पडली. भाऊसाहेब म्हणाले, परदेशी सुताने मारलं. मुंबईच्या लोकांनी मारलं. सरकारने मारलं. अब्बांना ते पटायचं. मलाही पटायचं. आठ वर्षं पटत होतं.

आणि मग वकिलाने मला चेंबरमध्ये बोलावलं. महत्त्वाचं काम आहे म्हणाला, मशीन इथंच आण. अकरा कागद, प्रत्येकाच्या तळाशी दहा-बारा अंगठे, बाजूला पेन्सिलीने नावं. खर्डा मी नेहमीसारखा आधी वाचला. ‘आम्ही खाली अंगठे करणारे सभासद राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, मजकूर वाचून व समजून संमती देतो की गिरणीची जमीन इमारतीसह विकण्यात यावी. सदर जमिनीवर आमचा वा आमच्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही.’

अकराव्या कागदावर तिसरं नाव अब्बांचं होतं.

मजकूर वाचून, असं लिहिलेलं. अब्बांना बसवरची पाटीही वाचता येत नाही.

तेव्हा मी तो प्रश्न विचारला, आणि माझ्या अंगठ्याला शाई लागली.

टायपिंगमध्ये डावा अंगठा रिकामाच असतो. स्पेसबार उजव्याने दाबतात. म्हणून काम अडलं नाही. शाई लागलेला अंगठा हवेत धरून मी दहा कागद नीट बसवले, नेहमीसारखे, बोटभर जागा सोडून. अकरावा चढवला. तिथे मी दोन ओळींमधलं अंतर वाढवलं. मुद्दाम. ‘हक्क राहणार नाही’ ही शेवटची ओळ, इतरांपेक्षा जरा वर उमटलेल्या अब्बांच्या अंगठ्यावर आपटली. काळी अक्षरं जांभळ्या शाईवर. वकिलाने वरवर नजर टाकली आणि कागद फायलीत घातले. एका अंगठ्यावर चार अक्षरं गेलेली त्याला दिसली नाहीत. त्या दिवशी माझ्याकडून तेवढंच झालं.

शेडमध्ये परत आले तर टेंडाई तिचे कागद घेऊन बसलेली. तिने माझा अंगठा पाहिला. मी तिला सगळं सांगितलं. ती काहीतरी बरं बोलेल असं मला वाटत होतं. हात तरी धरेल.

ती म्हणाली, “तो दीदी, आप वो पादरी हैं.”

मी म्हटलं, “उठ. दुसरीकडे टाइप करून घे.”

ती उठली. कागद गोळा केले. जाताना म्हणाली, “मेरी किताब में उस पादरी का भी नाम है. राजा के बाजू में ही लिखा है.” ती पुन्हा आली नाही. मला तिचा राग महिनाभर होता. नंतर कळलं, ती खरं बोलली होती, म्हणूनच इतका राग आला.

रविवारी गावी गेले. अब्बा अंगणात गादी उसवत होते.

“अब्बा, गिरणीवाल्यांनी अंगठा घेतला?”

“हाव. पार साल. सबका लिया. उन्ने बोला, सभासद का नया कार्ड बनेंगा.”

“कागदावर काय लिहिलं होतं?”

“कागज तो कोरा था, बेटी.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “भाऊसाहेब खुद आए थे. चाय पिए अपने घर. वो कायकू झूठ बोलेंगे?”

मी सांगितलं, त्या कोऱ्या जागेत काय भरलंय ते. आणि कोणी भरलं तेही सांगितलं. अब्बांनी हातातला कापूस खाली ठेवला. मग म्हणाले, “तेरे को टायपिंग मैंने सिखाया.” ते उठून घरात गेले. त्यानंतर दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. ती त्यांची बाजू. मी ती खोडत नाही.

सहकार खात्यात अर्ज मी स्वतः टाइप केला. त्यात स्पष्ट लिहिलं: अंगठे आधीचे, मजकूर नंतरचा, मजकूर टाइप करणारी मी. गावातल्या चौदा जणांनी त्यावर अंगठे दिले. प्रत्येकाला आधी दोनदा वाचून दाखवलं. एकाने मध्येच थांबवून विचारलं, “हे तरी खरंच लिवलं हाये का वं?” मी त्याला म्हटलं, शाळेतल्या नातवाला बोलाव, त्याच्याकडून वाचून घे. त्याने बोलावलं. चांगलं केलं.

सुनावणीला भाऊसाहेब पांढऱ्या कपड्यांत आले. अधिकाऱ्यापुढे नमस्कार केला, माझ्याकडे पाहून हसले.

“साहेब, ही आमचीच पोरगी. गरिबाची हाये, कोणी तरी भरवून देल्लं तिले.”

भाऊसाहेबांच्या वकिलाने विचारलं, “बाई, तुम्हीच टाइप केलं म्हणता. मग खोटा कागद तुम्ही केला. बरोबर?”

“बरोबर.”

“म्हणजे तुम्ही गुन्हेगार.”

“हो. लिहून घ्या.”

तो फायलीतले कागद चाळू लागला. मी अधिकाऱ्याला म्हटलं, अकरावा कागद काढा. तिसरा अंगठा भिंगातून बघा. अक्षरं शाईच्या खाली आहेत की वर आहेत, एवढंच बघा. माणूस वाचून अंगठा देतो तेव्हा अक्षरं आधी असतात.

अधिकाऱ्याने बघितलं. कागद तपासणीला पाठवतो म्हणाला. भाऊसाहेब तेव्हा हसत नव्हते. बाहेर जिन्यावर त्यांनी मला गाठलं.

“तुले काय वाटते, मीच एकटा जाईन? तूई जाशीन आत.”

“मले मालूम हाये,” मी म्हटलं.

वकिलांनी मला काम देणं बंद केलं. शेडमधली माझी जागा दुसऱ्याने घेतली. आता मी गावोगावच्या बाजारात मशीन घेऊन बसते. कोऱ्या कागदावर अंगठा असेल तर तो माणसासमोर फाडते. माणूस रागावतो. रागावू दे.

तपासणीचा अहवाल अजून आलेला नाही. गिरणीची जमीन विकली गेली नाही, आणि गावाला परत मिळालेलीही नाही. आता फौजदारी खटलाही उभा राहिलाय; तारीख पडते, मी जाते. लोक सांगतात, माफीची साक्षीदार हो, सुटशील. मला सुटायचं नाही. माझ्या हातून किती घरांची शेतं अशी गेली, ते मला माहीत नाही, आणि माफी कोणाकडे मागायची तेही माहीत नाही. दर तारखेला मी एकच अर्ज देते. आरोपींच्या यादीत माझं नाव घाला. मात्र पहिलं नाव भाऊसाहेबांचं टाका, आणि दोघांना एकाच दिवशी, एकाच कठड्यात उभं करा.