दाजींचं ठेवणीतलं पाणी

आमच्या दाजींइतका भित्रा माणूस अख्ख्या पुण्यात शोधून सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कुत्री, पोलीस, सासुरवाडी, कशालाही ते भीत नाहीत. भीती एकच, पाणी संपण्याची. त्याला कारण त्यांची नोकरी. यानांनी पाठवलेली मोजमापं दिवसभर न्याहाळून मंगळावर कुठे चिकणमाती आहे, कुठे क्षार साचलेत, हे ते शोधतात, कारण अशी खनिजं सहसा पाण्यावाचून बनत नाहीत. "अरे, तिथे तळी होती, तळी," असं सांगता सांगता ते खराडीतल्या आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाकडे धास्तावून बघतात. बादलीच्या कडेला पांढरा क्षार दिसला की ताईला तो घासू देत नाहीत. "पाणी इथपर्यंत होतं," असं मयताला आल्यासारखं हळू आवाजात म्हणतात. कपाटात, पलंगाखाली, देवघरामागे सगळीकडे भरलेल्या बाटल्या. एकदा मी उन्हातून येऊन त्यातली एक उघडली, तर म्हणाले, "ती ठेवणीतली आहे. फार तहान लागलीय का?" पुण्यात पाहुण्याला हा प्रश्न नवा नाही. पण दाजी तोच प्रश्न स्वतःलाही विचारत, आणि उत्तर नेहमी 'नाही' असंच येई.

मार्चमधल्या एका सकाळी ते कंबर धरून जमिनीवर कोसळले. हडपसरच्या एका दवाखान्यात मुतखडा काढला. डॉक्टर म्हणाले, "लघवीची वाट अडून उजवी किडनी फार थकलीय. सावरेल की नाही, आत्ता सांगता येत नाही. पाणी पीत नव्हता का?" दाजींनी खड्याची डबी उजेडात धरली. "थर बघ. एका दिवसाचं काम नाही हे. वर्षानुवर्षं इथे पाणी कमी होतं." मग डबी खाली ठेवून म्हणाले, "हे ओळखण्याचाच पगार घेतो रे मी. घाबरलोय." एरवी ताईने टोमणा मारला असता. त्या दिवशी तिने नुसता ग्लास भरून पुढे केला.

उजवी किडनी काही सावरली नाही. आता सगळी भिस्त डावीवर. ठेवणीतल्या बाटल्या गेल्या, दाजी पाणी पितात, पण अजूनही परक्याचं प्यावं तसं संकोचून. संध्याकाळी ते ऑफिसातून आले की ताई आधी त्यांची बाटली हलवून बघते. आत पाणी खळखळलं की त्यांच्यासमोर बसते, आणि ते संपेपर्यंत उठत नाही.