ब्रीदरवाले धकाते काका

धकाते काका कोणाकडेही गेले की आधी गाडीचं बॉनेट उघडायला लावत, पाणी मग घेत. चालू इंजिनवरचं ऑइलचं झाकण काढून ते तिथंच उलटं ठेवत. झाकण थुईथुई नाचलं की मान हलवत. "आतमंधी कोंडून राहिलं गा. इंजनलेबी उसासा सोडा लागते." उसासा सोडायची ती नळी म्हणजे ब्रीदर. तिची जाळी तेलकट काजळीनं बुजली की आतला वायू वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो, हे नागपुरात आमच्या लकडगंजातल्या गल्लीत बायकांनाही पाठ झालं होतं.

काकांच्या घरी पूर्वी माग होते. ते बंद पडल्यावर त्यांनी गॅरेज टाकलं. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. आमच्या दोन्ही घरांत एकच भिंत, म्हणून माझ्या लग्नाच्या बोलणीत बाबांनी वडीलधारे म्हणून त्यांनाच बोलावलं.

नरखेडकडून मुलाकडचे आपल्या जुन्या गाडीतून आले. काका रामराम न करता म्हणाले, "चाबी द्या."

मुलाचे वडील संकोचले. जुनी गाडी ठेवून घेऊन आम्ही हुंड्यात नवी देऊ करतोय, असं त्यांना वाटलं. "नाही जी, आमाले काही नको," ते हात जोडून म्हणाले.

"मलेबी नको. झाकण पाहतो."

झाकण नाचलं, नाचलं आणि खाली पडलं.

माझी मावशी खिडकीत उभी होती. तिच्या कानावर काकांचं एवढंच आलं, "दम कोंडून राहिला. नळी पुरी जाम आहे. इतके दिवस काहून नाही दाखवलं?" ती स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाली, "पोराले दमा आहे वं." आई पोह्यांच्या कढईपाशी बसून रडू लागली. मला राहवेना. मी पदर खोचून सरळ अंगणात गेले.

मुलगा नव्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर सारून, माझ्या आईच्या परातीत पेट्रोल घेऊन नळी धूत होता.

"तुम्हाला दमा आहे का?" मी विचारलं.

त्यानं वर पाहिलं. "मले नाही जी. गाडीले आहे."

नळी बसली, झाकण पुन्हा ठेवलं. ते जागचं हललं नाही. काका बाबांना म्हणाले, "मी फक्त धू म्हणलं. शर्ट खराब होते म्हणून कुरकुरला नाही. पोरगी द्या." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. पोह्यांना पेट्रोलचा वास लागला होता, पण दोन्हीकडच्या मंडळींनी ते मुकाट्यानं संपवले.

लग्न झालं. निरोपाच्या वेळी सगळे रडत होते आणि काका कुठं दिसेनात. ते आधीच मुलाकडच्या त्याच जुन्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. "इंजन कसं चालून राहिलं, ते ऐकतो. काटोलले उतरतो."

काटोल आलं, काका उतरले नाहीत. थेट माझ्या सासरच्या दारात उतरले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मागं न पाहता एसटी स्टँडकडे चालू लागले. त्याच वर्षी ते गेले.

पाठवणीच्या दिवशी माझ्या दिरानं नागपूर सोडल्यापासून गाडीत इतक्या मोठ्यानं गाणी लावली होती की इंजिन ऐकूच येत नव्हतं. काकांनी ती एकदाही बंद करायला सांगितली नाहीत.