बाईंनी फोडलेले कुलूप

हेमलताबाई राऊत यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. लालबागच्या एका खोलीतून आम्ही नालासोपारा पूर्वेला, तुळिंजला, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. आमची केतकी तीन वर्षांची झाली होती. बाजाराच्या मागच्या गल्लीत राऊतबाईंची बालवाडी आहे, असे कुणीतरी सांगितले. मी केतकीला इस्त्रीचा फ्रॉक घातला. आठवडाभर तिच्याकडून एक इंग्रजी कविता घोकून घेतली होती. त्या तयारीनिशी आम्ही दोघी गेलो.

बाईंनी कविता ऐकूनच घेतली नाही. केतकीला अंगणातल्या मातीच्या ढिगाकडे पिटाळले आणि मला विचारले, "हिचे वडील कुठे आहेत?"

"कामावर."

"ते येतील तेव्हा नाव घालू."

"मी आई आहे. मी आलेय ना?"

"मूल तुमच्या एकटीचं आहे का?" बाई म्हणाल्या, आणि वही मिटून आत निघून गेल्या.

मी धुमसत घरी आले. माझे पती सुधीर यांनी कपाळाला आठ्या घालून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाईंनी त्यांना समोर बसवून विचारले, मुलगी काय जेवते? सुधीर म्हणाले, "दूध आवडीनं पिते." बाई म्हणाल्या, "दुधाला शिवत नाही ती. मी आत्ताच तिला विचारलं. उद्यापासून आंघोळ तुम्ही घालायची. पंधरा दिवसांनी येऊन मला सांगा, तिच्या पाठीवर तीळ कुठे आहे." केतकीचे नाव पंधरा दिवसांनी घातले गेले. तीळ डाव्या खांद्याखाली होता, आणि मला तो माहीत नव्हता.

हे सगळे एवढ्यासाठी सांगते आहे की, बाईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी आलेले काही लेख संपादकांनी मला वाचायला दिले. बहुतेकांत बाई 'वात्सल्याची मूर्ती' आहेत, 'शांत, सोज्ज्वळ' आहेत. ते वाचून मला राग आला. बाईंना शांत म्हणणाऱ्यांनी त्यांना पाहिलेले नाही, किंवा पाहिलेले सोयीने विसरून गेले आहेत. चौदा वर्षे मी त्यांच्या हाताखाली काम करते आहे. या बाई संतापी आहेत. आमच्या मुलांवर त्यांचा आवाज कधी चढला नाही. चढला तो आमच्यावर, आणि तो चढायलाच हवा होता.

बाई मूळच्या वसईजवळच्या होळी गावच्या. सासरची केळीची आणि भाज्यांची वाडी. घरात त्यांची बोली वेगळी. फार चिडल्या की आमच्यासमोरही तीच तोंडात येते आणि आम्हा बाहेरून आलेल्यांना अर्धेच कळते. गावातच शिकवत राहिल्या असत्या तर सुखात राहिल्या असत्या. पण तुळिंजला इमारती उठू लागल्या, आईबाप दोघेही सकाळी मुंबईच्या वाटेला लागू लागले, तेव्हा बाईंनी तळमजल्यावरचे दोन गाळे घेऊन तिथे बालवाडी काढली. कधी वाडीतली केळी, कधी घरची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, पिशवीत घालून बसने यायच्या. "आमच्या वाडीत पोर रडलं तर चार अंगणांत ऐकू जातं," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "इथं भिंतीला भिंत आहे, तरी ऐकू जात नाही."

आता जे लिहायचे आहे ते लिहिण्याचे मी इतकी वर्षे टाळले.

बालवाडी साडेबाराला सुटायची. सुधीर तेव्हा दुसऱ्या पाळीला दोनच्या सुमारास निघत. मी ऑफिसातून साडेसहाला परत येई. मधला वेळ केतकी समोरच्या काकूंकडे असायची. ती चार वर्षांची असताना काकूंच्या सुनेचे बाळंतपण आले आणि त्या कोल्हापूरला गेल्या. माझ्या आईला गावाहून येता येत नव्हते, मला रजा मिळत नव्हती. एके दिवशी आम्ही ठरवले की, काकू येईपर्यंतचाच प्रश्न आहे. सुधीर तिला जेवू घालून निजवत आणि बाहेरून कुलूप लावून जात. गॅसची नळी बंद, खिडक्यांना गज, उशाशी पाण्याची बाटली आणि बिस्किटे. "झोपते तर ती," आम्ही एकमेकांना सांगत होतो. झोप तासाभराची असते आणि दोन ते साडेसहा म्हणजे साडेचार तास होतात, हा हिशेब आम्हा दोन पदवीधरांना येत नव्हता असे नाही.

तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी बालवाडीत बाहुलीच्या खेळात केतकीने बाहुलीला चपलांच्या खोक्यात घातले, झाकण लावले, त्यावर वीट ठेवली आणि खोक्याला सांगितले, "ओरडायचं नाही हं. लोक काय म्हणतील?"

बाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी तिला काहीच विचारले नाही. दुपारी तीनला मात्र आमच्या इमारतीचे तीन मजले चढून आल्या. दाराला कुलूप होते. आतून रडण्याचा आवाज येत होता. पुढचे मला नंतर शेजाऱ्यांनी सांगितले. बाई दाराशी खाली बसल्या आणि फटीतून बोलू लागल्या, "केतकी, मी बाई. मी इथंच आहे, बरं का." आतून ती म्हणाली, "बाई, दार उघडा." बाई उठल्या, शेजारच्या घरात शिरल्या, त्यांच्या ओट्यावरचा वरवंटा उचलला आणि कडीवर घाव घातले. चौथ्या घावाला कोयंडा निखळला. त्या आवाजाने सगळा मजला बाहेर आला.

मी साडेसहाला पोचले तेव्हा जिन्यात माणसे उभी होती. मला वाटले चोरी झाली. आत केतकी बाईंच्या मांडीवर बसून केळे खात होती. मला हायसे वाटायला हवे होते. पण मी लाजेने पेटले होते, आणि ती लाज रागाच्या रूपाने बाहेर पडली.

"माझ्या घराचं कुलूप फोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"हिनं," बाई म्हणाल्या. "आतून म्हणाली, दार उघडा."

मला वाटले, आता या माझी सगळ्यांसमोर शोभा करणार. शेजारणींनाही तेच वाटत होते; त्यासाठीच तर त्या थांबल्या होत्या. एक जण म्हणालीही, "हल्लीच्या आयांना नोकऱ्याच प्याऱ्या." बाईंनी केतकीला माझ्या हातात दिले, उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या, आणि जो आवाज मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकला नव्हता त्या आवाजात म्हणाल्या,

"तुम्ही सगळे इथंच राहता ना? तीन आठवडे हे पोर रडतंय. कुलपावर घाव पडले तर धावत आलात. पोराचं रडणं ऐकून कोण आलं होतं? हिची नोकरी काढता? हिच्या नवऱ्याची का नाही काढत? चला, जा घरी!"

जिना रिकामा झाला. मग बाईंनी दार लोटले आणि मला म्हणाल्या, "तुझ्यावरही मी चिडले आहे. पण ते आज नाही. आज तू हिच्याजवळ बस."

दुसऱ्या दिवशी दुपारी, सुधीर निघण्याआधी, बाई पुन्हा हजर झाल्या. सुधीर म्हणू लागले, "बाई, आमचाही नाइलाज..." बाईंनी हात वर केला. "नाइलाज मला कळतो. पण तो चार वर्षांच्या पोरीनं एकटीनं का सोसायचा? नाइलाज असेल तर माझ्याकडे यायचं, ओरडायचं, मदत मागायची. लपवायचं नाही." त्या दिवसापासून केतकी संध्याकाळपर्यंत बालवाडीत राहू लागली.

ती एकटीच नव्हती. पुढच्या आठवड्यात बाई आणि बालवाडीतल्या चंद्रामावशी आसपासच्या इमारतींत प्रत्येक मजला चढल्या. अशी कोंडलेली आणखी सात मुले निघाली. त्यांतल्या दोघांचे वडील शिक्षक होते. बाईंनी संध्याकाळचा वर्ग सुरू केला, आणि तिथे हातभार लावता यावा म्हणून वर्षभराने मी नोकरी बदलून जवळची, अर्ध्या वेळेची घेतली. मी बाईंची सहकारी झाले ती अशी. त्यामागे त्याग वगैरे नव्हता. मला माझ्या मुलीच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता, एवढेच. केतकी आठ वर्षांची होईपर्यंत न्हाणीघराची कडी आतून लावू देत नसे.

मुले खोल्यांतून बाहेर आली, तसा दुसरा प्रश्न उभा राहिला. मुलांना खाली का सोडत नाही, असे बाई विचारत तेव्हा आमच्या इमारतीतल्या सगळ्यांचे उत्तर एकच असे: टाकी. जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचे झाकण कधीच फुटले होते. टँकर आला की पाइप सोडायला बरे, म्हणून तोंड उघडेच. वर प्लायवुडची एक कुजकी फळी. बाई सोसायटीच्या चेअरमनांना भेटायला गेल्या. मी आणि चंद्रामावशी सोबत होतो. चेअरमन म्हणाले, "मॅडम, पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ. तोवर पालकांनी मुलांना आवरावं."

मिठागरात आयुष्य काढलेल्या चंद्रामावशी एरवी परक्यांसमोर बोलत नसत. त्या म्हणाल्या, "पोर पान्यात पडल्यावर मीटिंग घेनार का तुमी?"

बाई म्हणाल्या, "झाकण टाकीला लावायचं की मुलांना?"

चेअरमन हसले. ते हसले नसते तर पुढचे कदाचित घडले नसते. पुढच्याच दिवशी चारला बाई एक खुर्ची घेऊन आल्या आणि टाकीच्या तोंडाशी बसल्या. मुलांना मागे भिंतीशी चटईवर बसवले आणि तिथेच गाणी, गोष्टी, सगळा वर्ग घेतला. येणारा-जाणारा विचारी, "बाई, इथे का?" बाई चेअरमनांच्या खिडकीला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर देत, "यांना वेळ नाही, म्हणून मी राखण करतेय." दुसऱ्या दिवशी दोन आया येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी सुधीर पाळी बदलून आले आणि चौथ्या दिवशी आणखी तीन वडील. पाचव्या दिवशी सकाळी लोखंडी झाकण बसले, कडीसकट. बाईंनी त्यावर उभे राहून ते हलते का पाहिले आणि मुलांना म्हणाल्या, "पळा आता."

पालकांसाठी बाई महिन्यातून एका रविवारी बैठक घेत. वडील आले नसतील तर त्या घराला दारातूनच परत पाठवत. त्या बैठकीत पुस्तकी काहीच नसे. घरी आल्यावर पहिली दहा मिनिटे चुलीकडे जायचे नाही. हात धुवायचे आणि जमिनीवर बसायचे. 'आज काय शिकवलं?' असे विचारायचे नाही. आपल्याला आज काय झाले ते आधी सांगायचे. पोलिसाची, बागुलबुवाची भीती घालायची नाही. "पोर हरवलं तर पोलिसाकडेच जायला हवं ना? मग त्याचीच भीती घालून ठेवता?" आणि मुलासमोर चूक झाली, तर मुलासमोरच कबूल करायची.

ही शेवटची गोष्ट त्यांनी स्वतःलाही लागू केली. एका संध्याकाळी सोनालीचे वडील तिला न्यायला दीड तास उशिरा आले. बाईंनी त्यांना मुलीदेखत इतके सुनावले की ते खाली मान घालून निघून गेले. नंतर कळले की, सोनालीच्या आईला त्या दुपारी दवाखान्यात ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई त्यांच्या घरी गेल्या. मी बरोबर होते. बाई सोनालीसमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "काल मी तुझ्या बाबांना विनाकारण बोलले. ते बरोबर होते, मी चुकले." ते गृहस्थ "अहो बाई, असं काय..." म्हणत राहिले. आई दवाखान्यात होती तो आठवडाभर बाईंनी सोनालीला होळी गावी स्वतःच्या घरी ठेवले.

आज आपल्या भागात चकचकीत शाळा झाल्या आहेत. तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती होतात, पाठीवर दप्तर येते, शाळा सुटली की शिकवणी. मोकळ्या जागांवर गाड्या उभ्या आहेत. हेच करणारे काही जण या सत्कार समितीत आहेत आणि बाईंना शाल घालणार आहेत. त्यांनी जरूर घालावी. पण मी जे पाहिले ते लिहिल्यावाचून मला राहवले नाही.

गेल्या महिन्यात आमच्या वर्गातला एक मुलगा चार दिवस आला नाही. मी हजेरीपटावर खूण केली आणि कामाला लागले. पाचव्या दिवशी पाहते तो बाई बाहेरून येत होत्या, घामाघूम, गुडघा चोळत. त्याच्या घरी जाऊन आल्या होत्या, तिसरा मजला. मुलाला गोवर आला होता, आणि आई एकटी घाबरून बसली होती. मी म्हटले, "बाई, तुम्ही कशाला चढलात? मी गेले असते."

"मग गेली का नाहीस?" बाई म्हणाल्या.

 

हेमलताबाईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे, त्यांचा आवाज आणि त्यांचा राग, तिन्ही ठणठणीत राहोत. आणि पुढच्या खेपेला कुणाचे मूल दिसेनासे झाले, तर बाई जिन्याशी पोचण्याआधी आपल्यापैकी कुणीतरी वर जाऊन आलेले असो.