मयतीचं कुपन

सत्तरच्या दशकात मी समुद्रपूरजवळच्या एका गावात शाळेवर बाई होते. तेव्हा कंट्रोलचं कापड रेशनकार्डावर मिळायचं. कार्डामागे एक लुगडं, नाहीतर एक धोतर. जादा कुपनं थोडी. ती लग्नाच्या किंवा मयतीच्या घरी द्यायची. ते ठरवायला गावात कमिटी होती: सरपंच, सोसायटीचे सेक्रेटरी आणि एक बाईमाणूस हवं म्हणून मी.

एका बैठकीला एक म्हातारी आली. एकटी राहायची, कापूस वेचायला जायची. कार्डावरचं लुगडं तिनं बाळंतपणाला आलेल्या लेकीला देऊन टाकलं होतं.

सरपंचांनी विचारलं, "माय, तुह्या घरी लग्न हाये का?"

"नाई."

"मयत?"

"होनार हाये. माहीच. मेल्यावर देता ते कुपन आताच द्या. नेसून घेतो."

सेक्रेटरी हसले. सरपंच म्हणाले, "अन् खरंच मेली त मंग?"

"मले थोडीच लाज वाटन तवा? तुमाले वाटन. तुमी पाहून घ्या."

मला प्रश्न पडला, जिवंत माणसाच्या अंगावरच्या कापडाचा विचार या नियमात कुणी केलाच कसा नाही? सरपंचांनी तिला कुपन दिलं.

पुढच्या बैठकीला दारात म्हाताऱ्यांची रांग! "आमच्याबी मयतीचं देऊन टाका." आणि कुपन उरलं होतं एकच.

खरी गरज कुणाला, हे मी विहिरीवर बायकांना विचारलं. तिथं एकच गलका झाला. एक सून म्हणाली, "माह्या सासऱ्याले देऊ नका, बाई. पेटीत कोरं धोतर हाये त्याच्या. नेसत नाई, नुसतं पाह्यते."

मग दुसरी हळूच म्हणाली, "जिले पायजे ते त आलीच नाई. गावाच्या टोकाच्या घरी सासू-सुनेत एक धड लुगडं हाये. एक बाहीर गेली का दुसरी घरात. येईन कशी?"

त्या दोघी मला कधीच एकत्र दिसल्या नव्हत्या. का, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी बैठकीत सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "तिथं लग्न नाही, मयत नाही. नियमात बसत नाही."

सरपंचांनी डोकं खाजवलं. "मंग नियमालेच जरा सरकून बसाले सांगू."

कुपन त्या घरी गेलं. रांगेतला एक म्हातारा पुढे कित्येक महिने माझ्याशी बोलला नाही.

काही दिवसांनी मी जाम गावच्या बाजारात गेले होते. बांगड्यांच्या दुकानापुढे त्या सासू-सुना उभ्या होत्या. सुनेला हिरव्या हव्या होत्या, सासूला लाल, आणि दोघींचं भर बाजारात मोठ्या आवाजात भांडण चाललं होतं.