ब्रेकच्या दिवशीची हजेरी

ज्या प्रमाणपत्राने एकोणीस माणसांच्या नोकऱ्या कायम झाल्या, ते अवघं साडेसात ओळींचं होतं. त्याची झेरॉक्स माझ्याच दुकानात निघाली, म्हणून ओळी मोजलेल्या आहेत. कागद सरकारी, शाई रायरांची स्वतःची. बाकी खर्च आला तो असा: हातातोंडाशी आलेली एक बढती, निवृत्तीच्या दिवशीचा हार, आणि तोवर एकही शेरा नसलेलं सेवापुस्तक. साठीच्या गौरवग्रंथात असा जमाखर्च मांडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण श्री. तुळजाराम रावांचा, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या रायरांचा, गौरव करायचा तर मला तरी या साडेसात ओळी टाळून पुढे जाता येत नाही.

आमची ओळख एका शिवीमुळे झाली. मी विट्याकडचा. सोनं गाळायच्या धंद्यात म्हणून मद्रासला आलो, तेजाबाच्या वाफेने छाती धरली, आणि कुणाच्या तरी शब्दावर एका सरकारी कार्यालयाच्या टपाल विभागात हंगामी कारकून म्हणून चिकटलो. एकोणनव्वद दिवस झाले आणि सांगण्यात आलं, उद्या येऊ नका. हंगामी माणसाची नोकरी सलग दिसू नये म्हणून नव्वदाव्या दिवशी कागदोपत्री ब्रेक, एक्याण्णवाव्या दिवशी नवा हुकूम, अशी ही पद्धत. हे मला कोण सांगणार? नोकरी गेली असं समजून मी खास आमच्याकडची एक शिवी पुटपुटलो. समोरच्या टेबलावरून, मान वर न करता, मराठीतच उत्तर आलं.

"उद्यां या. सही नाहीं, पगार नाहीं, जेवण माझ्याकडे. खुर्ची रिकामी दिसली कीं वरून कोणी चिठ्ठी घेऊन येतो आणि बसतो. आणि ती शिवी आमच्या तंजावरांत नाहीं. अर्थ सांगा."

अर्थ मी अजून सांगितलेला नाही. जेवण मात्र ब्रेकच्या प्रत्येक दिवशी जेवलो. रायरांच्या पत्नी सौ. सुंदराबाई यांच्या हातची आंबट भाजी आणि दहीभात, चार पुडांचा डबा, विभागात त्या दिवशी ज्यांचा ज्यांचा ब्रेक असेल त्या सगळ्यांना पुरेल असा.

रायरांचा एक दंडक होता. ब्रेकच्या दिवशी हजेरीपटावर सही करायची नाही, पण आवक-जावक वहीत जी नोंद आपण केली तिच्यापुढे आपली आद्याक्षरं घालायचीच. माझ्या शेजारच्या खुर्चीवर श्री. सेल्वराज बसत. ते हसत.

"सार, जो माणूस आज आलाच नाही त्याची सही कशाला?"

"टपाल आलें कीं नाहीं आज?"

"आलं."

"कोणीतरी घेतलें ना? घेतलें त्याचें नांव."

सहा वर्षांनी मी कंटाळलो आणि वेस्ट मांबलमला स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान टाकायचं ठरवलं. घरमालकाला स्थानिक जामीन हवा होता. विट्याच्या माणसाला इथे जामीन कोण राहणार? रायर भर उन्हात छत्री घेऊन आले, करारावर सही केली आणि म्हणाले, "एक माणूस तरी ब्रेकाशिवाय काम करूं दे." त्यानंतर माझं दुकान रविवारीही उघडं असतं.

मी सुटलो, बाकीचे राहिले. अखेर सरकारने ठरवलं, ज्यांची दहा वर्षं सलग सेवा झाली आहे त्यांना कायम करावं. गाडी अडली ती 'सलग'वर. प्रत्येकाच्या सेवेला वर्षात चार भोकं. तेव्हा रायरांनी अडगळीच्या खोलीतून आवक-जावक वह्यांची तीन पोती काढली आणि ऑटोत घालून माझ्या दुकानी आणली. ब्रेकच्या प्रत्येक तारखेला एकोणीस जणांचं अक्षर होतं, आद्याक्षरं होती. फक्त त्या दिवशी त्यांना कामावर बोलावलं कोणी, हे विभागप्रमुखाने लिहून द्यायला हवं होतं. विभागप्रमुख रायरच. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि बढतीच्या यादीत त्यांचं नाव वरचं होतं.

मी म्हणालो, "रायर, हे प्रमाणपत्र नाही, तुमच्यावरचं आरोपपत्र आहे. हजेरीपटावर नसलेल्या माणसांना सरकारी कागद हाताळू दिले, असंच वाचतील."

"वाचूं देत. खरें लिहायास कां भय? माणसें होतीं. मी बसवलों."

"निवृत्त व्हा, मग लिहा. चारच महिने."

"तोंवर ह्या माणसांस कायम करायची यादी जाते." मग मशीनकडे पाहून म्हणाले, "दोन प्रती काढा. फिकट येईल ती मला."

एकोणीसच्या एकोणीस कायम झाले. श्री. सेल्वराज आता कर्मचारी संघटनेचे सचिव आहेत. याच ग्रंथाच्या पहिल्या पानावर त्यांनी अभिमानाने लिहिलं आहे, "हंगामी, तात्पुरतं असं आज आमच्या कार्यालयात काहीही उरलेलं नाही." अक्षरजुळणी माझ्या दुकानातली आहे. मी एक अक्षर बदललेलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी टी. नगरहून आणलेला हार टेबलावर ठेवला होता. चारच्या सुमारास शिपाई लिफाफा घेऊन आला. चौकशीची नोटीस होती: ही माणसं आपण कोणत्या मोबदल्यात ठेवून घेतली, याचा खुलासा करावा. हार उचलायला कोणी पुढे झालं नाही. जो तो घड्याळाकडे पाहत होता. शेवटी रायरांनीच तो उचलला, जाता जाता फाटकाजवळच्या पिळ्ळैयारला, म्हणजे आपल्या गणपतीला, घातला आणि बस पकडून घरी गेले.

मोबदला घेतला नाही, हे सिद्ध कसं करायचं? एकोणिसांपैकी एकाने चार ओळी लिहून द्यायच्या की आम्ही यांना काही दिलं नाही, उलट यांच्याच डब्यातलं खाल्लं. एवढ्यावर चौकशी मिटत होती. मी लिहून दिलं. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, आपण सध्या सेवेत आहात का? नाही म्हटल्यावर माझा कागद बाजूला ठेवला गेला.

त्याच सुमारास श्री. सेल्वराज वेलचेरीच्या फ्लॅटच्या कर्जाचे कागद झेरॉक्स करायला आले. कायम नोकरीचा हुकूम सगळ्यात वर होता. मी म्हटलं, "त्याच्याखाली आणखी एक कागद जोडा. चार ओळी. मी टाइप करून देतो."

"अण्णा, प्रोबेशन चालू आहे. तेवढं संपू दे."

"आणि संपल्यावर?"

"संपल्यावर बघू की. कर्ज वीस वर्षांचं आहे."

प्रोबेशन संपलं. उरलेल्या अठरा जणांकडेही मी जाऊन आलो. कुणाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, कुणाची बदली अडली होती. कॉफी सगळ्यांनी दिली.

मी रागाने हे रायरांना सांगायला गेलो. ते झोपाळ्यावर बसून शेजारच्या कुणाचा तरी रेशनकार्डाचा अर्ज भरत होते. सगळं ऐकून म्हणाले, "हंगामी होता तेव्हां सेल्वराज कोणास भीत नव्हता. मज समोर उभा राहून भांडायचा. आतां त्यास गमवायास आहे. तें मीच दिलों. आतां भिऊं नको म्हणून कसें सांगूं?" सुंदराबाईंनी आतून विचारलं, "तुम्ही जेवून जातां ना?" मी जेवलो.

रायर साठ वर्षांचे होत आहेत. त्यांची दृष्टी शाबूत राहो, गुडघे कार्यालयाचे तीन जिने चढण्याइतके मजबूत राहोत, सुंदराबाईंचा हात असाच सढळ राहो आणि पंचाहत्तरीचा ग्रंथही माझ्याच दुकानात जुळवला जावो, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

चौकशी अद्याप चालू असल्याने रायरांना मिळतं ते निवृत्तिवेतन तात्पुरतं आहे. त्याचा हुकूम दर सहा महिन्यांनी त्याच कार्यालयातून नव्याने निघतो. मागच्या हुकुमाची मुदत गेल्या महिन्यात संपली. नवा अजून निघालेला नाही.