बियांकाबाईंचा बेकरीवाला सिनेमा

हल्ली कुणाकडे जेवायला गेलं की भाजी वाढायच्या आधीच फर्माईश येते, "तो इटालियन सिनेमा सांगा ना!" एका सिनेमाचे इतके किस्से साठलेत की कुठून सुरू करावं तेच कळत नाही.

इथल्या पाया लेबार भागातलं आमचं ऑफिस परदेशी सिनेमांना इंग्लिश सबटायटल्स लावतं. सोनावणे आमचा नागपूरचा इंजिनियर. स्वतंत्रपणे मिळालेलं त्याचं हे पहिलंच काम. सिनेमा एका विधवा बेकरीवालीचा, तिच्या तीन प्रियकरांचा, आणि भरपूर चावट. दिग्दर्शिका बियांकाबाई साठीच्या. निर्माते त्यांचे यजमान, आल्दो.

पहिल्याच मीटिंगला सोनावणेने घाबरत विचारलं, "मॅडम, हा सीन विनोदी आहे, की... तसला?"

"दोन्ही!" बाई म्हणाल्या.

"एकही नाही! ही शुद्ध प्रेमकथा आहे!" आल्दो ओरडले.

मग दोघं इटालियनमध्ये जे भांडले, त्याला सबटायटल्स नव्हती.

*

सोनावणेची आई तेव्हाच नागपूरहून त्याच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटवर राहायला आली. सिनेमा कशावर आहे म्हणून तिने विचारलं. हा म्हणाला, "बेकरीवर."

तेव्हापासून रोज संध्याकाळी चौकशी, "काय रे पोट्ट्या, झाले का आज पाव?" आणि हा पटकन लॅपटॉप मिटणार!

*

ऑफिसातल्या लिमला पूर्ण सिनेमा दाखवला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"आवडला?"

"कॅन लाह." म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल की'.

"हसू नाही आलं?"

"हसलो ना!"

कधी, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

*

शेवटी बाईंनी अट घातली, "हॉल हसला तर काम सोनावणेकडेच ठेवते. नाही तर मी दुसरीकडे जाते."

तोआ पायोहला एक हॉल घेतला. बोलावणं आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या नाडकर्णीकाकांनी पाठवलं. 'फक्त प्रौढांसाठी' असं त्यांनी आठवणीने लिहिलं, आणि खाली सवयीने 'सहकुटुंब यावे'!

लोक सहकुटुंब आले, डबे घेऊन. मुलांना खाली खेळायला पाठवलं. पण सासरे, सासू, मुलगा, सून एकाच रांगेत! आंघोळीच्या सीनला अख्खा हॉल छताकडे बघत होता. काका सिनेमाभर चष्मा पुसत होते. दिवे लागल्यावर जो तो म्हणाला, "फोटोग्राफी छान आहे."

बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना बरं नाही का?"

सोनावणेचा चेहरा बघवत नव्हता. मला फार वाईट वाटलं.

*

मीच बाईंच्या हातापाया पडले. "अजून एकदा दाखवून बघू. पण आधी फक्त सासू-सासरे, नंतर मुलं-सुना."

बाईंना काही कळलं नाही, पण त्या हो म्हणाल्या.

रविवारी ज्येष्ठ मंडळी आत, सोनावणे बाहेर दाराला कान लावून. पाचच मिनिटांत आतून असा हशा उठला की हा दचकला! त्यात एक हसणं सगळ्यांच्या वर. त्याने मला विचारलं, "हे कोण?"

मी म्हटलं, "तुझी आई."

"छे! ती असं हसत नाही."

सिनेमा संपला. बियांकाबाई डोळे पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी सोनावणेला मिठीच मारली. काम त्याच्याकडेच राहिलं! त्यांच्या मागून आई आली. पदर नीट केला. चेहरा अगदी गंभीर.

"पाव चांगले होते रे," ती म्हणाली. "आता पुढचा खेळ कधी?"

"आई, तो सुनांसाठी आहे."

"माहीत आहे मला. मी मागे बसते. तू बाहेरच थांब."